आंबेटेंबच्या सड्यावरचे नऊ शिक्षक

एसटी आंबा घाट उतरू लागली, तेव्हा माझ्या मांडीवरच्या फाइलमध्ये आंबेटेंबच्या साधन केंद्राचा निकाल जवळजवळ लागलेला होता. शिक्षकांनी महिन्यातून एकदा जमावे, अडचणी मांडाव्यात, एकमेकांकडून शिकावे, म्हणून सरकार अशा केंद्रांना अनुदान देते. आंबेटेंबला शिक्षक अवघे नऊ. ते देवरूखच्या मोठ्या केंद्राला जोडावेत आणि इथले अनुदान थांबवावे, असा प्रस्ताव होता. मी सोलापूरकडे शिक्षकांना प्रशिक्षण देते. बाहेरची म्हणून पाहणीला मला धाडले होते. नऊ माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे माझेही मत होतेच.

देवरूखला गाडी बदलली आणि पुढे चुकले. कंडक्टर ‘टेंब’ असे काहीसे ओरडला आणि मी एक थांबा आधीच उतरले. गवताचा भारा घेऊन एक बाई येत होती. तिला विचारले.

“आंबेटेंब? त्ये वर हाय. तुमची गाडी तर गेली की वो!”

“किती लांब?”

“वायच (थोडंसं) हाय. ही पाखाडी (चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट) चढा नि सरळ जावा.”

ते ‘वायच’ संपायला तास लागला. पण पाखाडी संपून सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) आले आणि थकवा विसरले. दिवाळी नुकतीच सरली होती. काळ्या कातळावर पिकलेले सोनेरी गवत वाऱ्याने एकदम लवत होते, आणि पूर्वेला सह्याद्री आडवा उभा होता, इतका जवळ की हाक मारली तर ऐकेल. आमच्याकडे माळ पुष्कळ. पण असे भव्य मोकळेपण मी पाहिले नव्हते.

त्या मोकळ्यात तीन दिशांनी तीन माणसे चालत येत होती. त्यांतल्या एक जाधवबाई. पन्नाशी ओलांडलेल्या, हातात पिशवी, पायांत धुळीने भरलेल्या चपला. त्याही केंद्रातच निघाल्या होत्या.

“शनिवारची सकाळची शाळा सोडून निघाले,” त्या म्हणाल्या. “दीड तासाची वाट आहे. देवरूखला जायचं म्हटलं, तर दिवस मोडतो. मग शाळा बंद ठेवावी लागते. मी एकटीच ना तिथे!”

केंद्र म्हणजे चिऱ्याची एक खोली, कपाट, सतरंजी. केंद्रप्रमुख शिर्के सरांनी पाणी दिले. मी हजेरी पाहिली. नऊपैकी नऊ. मग सरांनी नेहमीच्या सुरात विचारले, “या महिन्यात कुणाचं काय फसलं?”

मला वाटले, आता शांतता पसरेल. पण जाधवबाई उठल्या आणि फळ्यावर त्यांनी बेचाळीस वजा सतरा मांडले. “माझी तिसरीतली स्वरा याचं उत्तर पस्तीस काढते. हातचा मी तिला दहा वेळा समजावला. मला शिकवता येत नाहीये. सांगा काहीतरी.”

तीस वर्षे नोकरी झालेली शिक्षिका, समोर पाहणीला आलेली मी, आणि ती म्हणते, मला शिकवता येत नाही! माझ्या प्रशिक्षणांत हे वाक्य मी एकदाही ऐकले नव्हते. आणि त्या खोलीत कुणी हसले नाही. आठही जण फळ्याजवळ सरकले. कुणी काड्या काढल्या, कुणी खडू घेतला. शेवटी सगळ्यांत तरुण शिक्षिका म्हणाली, “बाई, ती असं का करते, हे तिला विचारलंत का?”

जाधवबाईंनी खडू खाली ठेवला. “नाही गो. ते राहिलंच.”

मी रविवारी परतणार होते. परतले नाही. जाधवबाईंकडे राहिले, तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी (कुळथाच्या पिठाचे पातळ पिठले) पोटभर खाल्ली, आणि सोमवारी त्यांच्याबरोबर शाळेत गेले. चार इयत्ता मिळून अकरा मुले.

बाई स्वराजवळ जमिनीवर बसल्या. “मला दाखव, कसं केलंस?”

“दोनातून सात जात नाय,” स्वरा ठामपणे म्हणाली. “म्हणून सातातून दोन घालवले. नेहमी मोठ्यातून लहान घालवायचं. तुम्हीच सांगितलेलात पहिलीत.”

बाईंनी डोळे मिटले. मग हसून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “चूक माझी हो, बाय. तुझी नाय.” त्यांनी दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या बांधल्या, दोन सुट्या ठेवल्या. “आता यातल्या सतरा मला दे.” स्वराने एक जुडी उचलून दिली. मग सुट्या दोन काड्यांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. आणि तिने दुसरी जुडी ओढून तिचा दोरा सोडला.

“बाई, जुडी सोडायची!” ती ओरडली. सगळी शाळा वळून पाहू लागली.

मला मात्र त्यात माझीच चूक दिसत होती. कारण ‘मोठ्यातून लहान वजा करा’ हे सोपे वाक्य मी स्वतः वीस वर्षे शिक्षकांना देत आले होते. किती शाळांत, किती स्वरांपर्यंत ते पोचले असेल?

परतीच्या गाडीत बसून अहवाल नव्याने लिहिला. केंद्र हलवू नये, अनुदान थांबवू नये, असे स्पष्ट लिहिले आणि कारण म्हणून ती वजाबाकी जशी घडली तशी मांडली. काही आठवड्यांनी शिर्के सरांचा फोन आला. “येत्या वर्षापुरतं राहिलं, मॅडम. पुढचं पुढे बघू.”

सोलापुरात आमच्या सभागृहाला वातानुकूलन आहे, प्रोजेक्टर आहे, दोनशे खुर्च्या आहेत. परतल्यावरच्या पहिल्या वर्गात मी प्रोजेक्टर लावला नाही. फळ्यावर बेचाळीस वजा सतरा लिहिले आणि माझी चूक पहिल्यापासून सांगितली. मग विचारले, “या महिन्यात तुमचं काय फसलं?”

मी वाट पाहत उभी राहिले. बऱ्याच वेळाने मागच्या रांगेतले एक गुरुजी खुर्ची सरकवून उठले, आणि म्हणाले, “मॅडम, माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला अजून वाचता येत नाही.”

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो.