साक्षीला माणूस

निजामाच्या राज्यात काकांना वसीयतनामा करायचा होता. त्यांना चालवत नव्हतं, म्हणून मीच गाडी जुंपली, कडब्यावर वाकळ अंथरली आणि त्यांना परभणीच्या वकिलाकडे नेलं. वडील गेल्यावर काकांनीच मला वाढवलं. त्यांनी स्वतः घेतलेल्या मळ्यातली विहीर मी खणली, मोट मी हाकली. त्यांचा मुलगा हैदराबादेत नोकरीला, दिवाळीपुरता येणारा पाहुणा. “तुझी काळजी मला हाय,” असं काका नेहमी म्हणायचे. मळ्याचा एखादा तुकडा तरी माझ्या नावावर होणार, हे मी धरूनच चाललो होतो.

लिहायला बसण्याआधी वकील म्हणाले, “गवाह लागेल. असा माणूस सांगा, ज्याला यातलं काहीच मिळणार नाही. उद्या भांडण नको.”

काकांनी विचारसुद्धा केला नाही. माझ्याकडे बोट दाखवलं.

“ह्यो हाय की. घरचाच हाय.”

मी सही केली. तीही अगदी वळणदार, याचाच मला अजून राग येतो.

परतताना काका वाकळेवरून म्हणाले, “हळू हाक रे, हाडं दुखायलीत.”

आणि मी, बैलाहून बैल, हळू हाकली.