आकाराम टर्नरचं स्वतःचं लेथ

आकारामनं छत्तीस वर्षं ज्या लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या यंत्रावर, काम केलं, ते सोळा फूट लांब होतं. वारणानगरच्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपात ते भिंतीकडेला बसवलेलं होतं आणि त्यावर चढणारा लोखंडाचा दांडा क्रेननं उचलावा लागे. मांडीएवढे जाड दांडे आकाराम असे सोलून काढायचा की त्यात तोंड दिसावं. ऐन हंगामात असा दांडा मोडून मिल थांबली की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळायच्या. रिटायर झाला तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला. लेथ कारखान्याचं होतं, ते तिथंच राहिलं.

बायको बनाबाईला घेऊन तो आपल्या गावी, उचगावला परत आला. पहिलं वर्ष बरं गेलं. घराच्या बिजागऱ्या झाल्या, फाटक झालं, गल्लीतल्या लोकांचे नळ झाले. मग करायला काही उरलं नाही आणि त्यानं बनाबाईच्या भाकरीकडे नजर वळवली.

"ही बग, ह्या कडंला जाड हाय," तो भाकरी चिमटीत धरून म्हणायचा.

"मोजपट्टी आणा की मग," बनाबाई तव्यावरनं मान न वळवता म्हणायची. "हाताला काम न्हाय, म्हणून जिभेला काम लावलंय तुमी."

त्यांची मुलगी क्रांती गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची. एका संध्याकाळी तिनं बापापुढं मोबाईल धरला. कुणीतरी छोटं लेथ विकायला काढलं होतं. धातू कापायचं, पण टेबलावर मावेल एवढं. शाहूपुरीचा पत्ता होता.

आकारामनं चष्मा लावून फोटो बघितला आणि हसला. "हे काय लेथ हाय? मांजर बसल्यागत दिसतंय. ह्येच्यावर काय खिळं सोलायचं?"

"बघून तर या, आबा."

"बगायला काय हाय त्यात," म्हणत तो उठला. पण दुसऱ्या दिवशी अंघोळ लवकर उरकली, पेटीच्या तळातला, केसाची जाडी मोजणारा मायक्रोमीटर फडक्यानं पुसून खिशात घातला आणि शाहूपुरीची बस धरली. बनाबाई दारातनं बघत होती.

घर पहिल्या मजल्यावर होतं. दार उघडलं ते त्र्यंबक सरांनी. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, खिशात तीन पेनं. मागून त्यांच्या पत्नी श्यामलाताई आल्या आणि पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. आतल्या खोलीत खिडकीपाशी लाकडी टेबलावर ते लेथ बसवलेलं होतं. फोटोत दिसत होतं त्याहून नेटकं. शेजारच्या फळीवर पितळेची एंजिनं मांडली होती, मुठीएवढी. सगळी सुंदर आणि सगळी अर्धवट.

"आधीच सांगतो," सर म्हणाले. "मशीनमध्ये दोष आहे. सरळ दांडा कापायला घेतला की निमुळता होतो. बारा वर्षं हाच त्रास. त्यामुळे एंजिनात पिस्टन बसत नाही. दोघं जण हे ऐकून परत गेले. म्हणून किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी लावली आहे."

गिऱ्हाइकाला स्वतःहून दोष सांगणारा माणूस आकारामनं फार वर्षांत बघितला नव्हता. "बगूया की," तो म्हणाला.

आधी त्यानं मशीन चालू न करताच बघितलं. ज्या दोन रुळांवर कापायचं टूल सरकतं, त्यांच्यावरनं नख फिरवलं. कुठं खड्डा लागतो का, घासलंय का. नख सरळ गेलं. चकात, म्हणजे फिरत्या जबड्यात, एक जाड दांडा पकडून तो वरखाली हलवला. आतली बेअरिंग ढिली असती तर हाताला कळलं असतं. कळलं नाही. मग बटण दाबलं आणि डोळे मिटून कान दिला. कारखान्यातल्या लेथचा आवाज छातीत घुमायचा. हे शिलाई मशीनसारखं बोलत होतं, पण एकसुरी, कुठं खरखर नाही.

मग त्यानं टूल लावलं आणि सवयीनं खोल काप घेतला. मशीन थरथरलं, किंचाळलं आणि थांबलंच.

"अहो, अहो!" सर पुढं आले.

आकाराम ओशाळला. "चुकलं माझंच. बैलाचं जू वासराच्या मानेवर ठेवलं मी." त्यानं काप अगदी पातळ केला. आता चांदीच्या तारेसारखी सळसळीत तार निघायला लागली. दुसरा काप घेतला, तिसरा घेतला. हात सैल झाले. खालून रिक्षांचे हॉर्न येत होते, ते त्याला ऐकू येईनासे झाले. किती दिवसांनी गरम लोखंडाचा आणि तेलाचा वास नाकात गेला, याचा हिशेब त्यानं केला नाही; फक्त तो वास खोल ओढून घेतला. आणि त्याच घटकेला त्यानं मनात ठरवून टाकलं की हे आपण घ्यायचं.

दांडा दोन टोकांना मोजला. सर म्हणत होते ते खरं होतं. चकाजवळ आणि लांबच्या टोकाला केसभर फरक होता.

पण रूळ चांगले, बेअरिंग चांगली, मग फरक येतो कुठनं? आकाराम टेबलाभोवती फिरला आणि गुडघे टेकून खाली वाकला. लेथ चार बोल्टांनी टेबलाला आवळलं होतं. मागच्या उजव्या कोपऱ्यातला बोल्ट त्यानं पान्यानं ढिला केला. लेथचा तो पाय टेबलापासून हलकेच वर उचलला गेला, पोस्टकार्ड सरकेल एवढा. टेबलाचा तो कोपरा कधीतरी खचला होता. बोल्ट आवळला की सगळं लेथ पिळलं जात होतं, धुणं पिळावं तसं. बारा वर्षं.

टेबलाखाली त्याला कुणी बघत नव्हतं. बोल्ट परत आवळायचा, वर यायचं, "व्हय सर, दोष हाय" म्हणायचं, सांगितलेल्या किमतीत मशीन उचलायचं आणि घरी सपाट कट्ट्यावर बसवायचं. हा विचार आला, थोडा वेळ टेकला, पाणी पिऊन निघून गेला. अर्धवट एंजिनांची ती फळी आकारामला टेबलाखालूनसुद्धा दिसत होती.

"सर," त्यानं हाक मारली, "जरा बॅटरी धरता का हितं?"

सर शेजारी गुडघ्यांवर बसले. आकारामनं फट दाखवली. तेलाच्या डब्याचा पत्रा मागून घेतला, त्याची पट्टी कापली, पायाखाली सरकवली आणि बोल्ट आवळला. नवा दांडा लावून पातळ काप घेतला. या टोकाला मोजलं, त्या टोकाला मोजलं. मायक्रोमीटर सरांच्या हातात दिला. सरांनी दोनदा मोजलं, मग खुर्चीवर बसले.

"बारा वर्षं मी या मशीनला शिव्या घातल्या," ते म्हणाले. "श्यामला, हे टेबल कुठून आलं गं?"

"तुमच्याच आत्याबाईंचं," श्यामलाताई आतून म्हणाल्या. "डुगडुगतं म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं."

सर हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी लेथवर हात ठेवला आणि अवघडून आकारामकडे बघितलं. "आता मी हे विकू कसं, आकारामराव?"

"इकू नगा," आकाराम म्हणाला. सरांच्या हातातला मायक्रोमीटर घेऊन त्यानं खिशात घातला. "चांगलं मशीन हाय. पातळ काप घ्या, आयुष्यभर साथ देईल."

श्यामलाताईंनी त्याला थालीपीठ खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

घरी येऊन त्यानं सगळी हकिकत सांगितली. बनाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "घ्यायला गेलता आणि दुरुस्त करून आलासा व्हय!" हसू ओसरल्यावर तिनं त्याच्या ताटात जादा तूप वाढलं. "बरं केलासा," ती म्हणाली. "पर आता दुसरं बगा. त्येच्यावर काम करताना काय वाटलं ते तुमच्या तोंडावर दिसतंय."

दुसरं बघितलं ते सरांनी. त्यांच्यासारखे छंद असलेल्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. सांगलीतल्या एका डॉक्टरांनी तसलंच लेथ हौसेनं आणून दोनदा वापरलं होतं, आता ते माळ्यावर पडून होतं. सरांचा फोन आला आणि दोघं मिळून एसटीनं सांगलीला गेले. सगळ्या तपासण्या आकारामनं परत पहिल्यापासून केल्या; डॉक्टर घड्याळाकडं बघत राहिले तरी त्यानं घाई केली नाही. एक हँडल मोडलेलं होतं, बाकी मशीन कोरं. पण आता त्याला ठाऊक होतं की या लेथकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही. मिलचा मांडीएवढा शाफ्ट मागायचा नाही. बुश, पिना, आटे, छोट्या पितळी वस्तू मागायच्या. तेवढ्याला ते पुरून उरेल. परतताना टेम्पोत मागं, पोत्यात गुंडाळलेल्या लेथला धरून आकाराम बसला आणि सर पुढं बसून ड्रायव्हरला खड्डे चुकवायला सांगत राहिले.

परसदारी पत्र्याच्या शेडात त्यानं काँक्रीटचा कट्टा ओतला, तो आठ दिवस वाळू दिला, मग लेथ बसवलं. मोडलेल्या हँडलच्या जागी नवं हँडल त्या लेथवरच केलं. अधूनमधून रविवारी त्र्यंबक सर येतात. आता त्यांची दोन एंजिनं फुरफुरत चालतात, आणि पितळ कोणत्या वेगानं कापावं यावर दोघांची भांडणं होतात. भाकरीबद्दल आकाराम आता बोलत नाही. जेवायला तीनदा हाक मारावी लागते, एवढीच बनाबाईची तक्रार असते.

दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या आक्का आपला जुना पितळी सोऱ्या घेऊन आल्या. स्क्रूचे आटे झिजून गेले होते. चकली दाबली की मूठ नुसतीच गरगर फिरायची. तसा सोऱ्या आता बाजारात मिळत नाही आणि दुसऱ्या सोऱ्याची चकली आक्कांना पटत नाही. आकारामनं पितळेचा दांडा आणला. पहिल्या खेपेला आटे चुकले. दुसऱ्या खेपेला टूल घसरलं. तिसऱ्या खेपेला तो सकाळी बसला आणि ऊन शेडाच्या पत्र्यावरनं भिंतीवर आलं तेव्हा उठला. आक्कांनी मूठ फिरवून बघितली. लोण्यातनं फिरावी तशी फिरली.

संध्याकाळी ताटभर चकल्या आल्या. गल्लीतल्या बायकांत बातमी पसरायला रात्रही लागली नाही. सकाळी आकाराम दात घासत दारात आला, तर ओट्यावर पाच सोरे ओळीनं मांडलेले, आणि बनाबाई प्रत्येकाला कुणाचा ते सांगणारी चिंधी बांधत बसलेली.

"पाच?" तो म्हणाला.

"सा," बनाबाई म्हणाली आणि मांडीवरचा सोऱ्या ओळीच्या टोकाला ठेवला. "एक माझा बी हाय."