शिवून टाकलेली लय

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आखातात, अल ऐनला आमच्या हॉलमध्ये एक सेकंडहँड कीबोर्ड होता, आणि माझी अकरा वर्षांची मुलगी शाळेत शिकवलेलं त्यावर वाजवायची. त्या वर्षी गॅदरिंगला तिच्या वर्गातून तिची एकटीची निवड झाली. म्युझिक टीचरने तिला रॅगटाइम नावाच्या प्रकारातला एक तुकडा वाजवायला दिला. बायकोने त्या दिवशी शिरा केला होता.

मी ऑफिसातून आलो, बूट काढता काढता ऐकलं आणि माझं डोकंच सटकलं. डावा हात शिस्तीत पावलं टाकत चाललेला. उजवा मात्र कुठे आधी, कुठे नंतर, मात्रेवर पडेल तर शपथ. मी पुण्यात लहानपणी सहा वर्षं तबला शिकलोय. बाकी काही नसलं तरी लय आपली पक्की, असा माझा तोरा होता.

"अगं, सारखी घसरतेयस तू," मी म्हटलं.

"बाबा, इट्स सपोज्ड टू बी लाइक दॅट. मिस सेड."

"तुझ्या मिसला तालातलं काय कळतंय? मी टाळी देतो, तू वाजव."

मग रोज संध्याकाळी शेजारी खुर्ची टाकून मी केरवा धरायचो. एखादा सूर मात्रेच्या आधी आला की खलास, पुन्हा पहिल्यापासून. ती दोनदा रडली. बायको म्हणाली, "अहो, तिला शिकवणारी बाई आहे ना?" पण माझं आपलं घोडं पुढे. दोन आठवड्यांत उजव्या हाताचा प्रत्येक सूर खिळा ठोकल्यासारखा मात्रेवर बसला. मला इतकं समाधान वाटलं, काय सांगू.

तालमीच्या दिवशी तिला आणायला गेलो तर ती गेटपाशी उभी, डोळे लाल. तिच्याऐवजी दुसऱ्या मुलाला घेतलं होतं. मी तसाच टीचरशी भांडायला आत गेलो.

बाई गोव्याच्या, वयाने माझ्याहून मोठ्या. त्यांनी माझा आवाज चढू दिला, मग शांतपणे विचारलं, "सर, ती म्हणते, मीच चुकीची प्रॅक्टिस केली. घरी कोण बसतं तिच्याबरोबर?"

पोरीने माझं नावही घेतलं नव्हतं. "मी बसतो," मी म्हणालो.

बाईंनी पियानो उघडला आणि तोच तुकडा वाजवला. उजवा हात तसाच निसटत होता, जसा माझ्या मुलीचा पहिल्या दिवशी निसटायचा. रॅग म्हणजे चिंधी, त्या म्हणाल्या. रॅगटाइम म्हणजे फाटकी लय, आणि ती मुद्दाम फाडलेली असते. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे संगीत, जॅझच्याही आधीचं. गुलामगिरी संपून एखादी पिढी उलटली होती. डाव्या हातात या लोकांनी बँडचा मार्च घेतला, उजव्यात आपल्या नाचाचा आणि बँजोचा ठेका. गुत्त्यांमधून ते वाजायचं, पुढे कागदावर छापून घरोघर गेलं. प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली, यांना सरळ वाजवता येत नाही म्हणाले.

"तुम्ही ती फाटकी लय सगळी शिवून टाकलीत, सर," बाई म्हणाल्या. "गॅदरिंगला दोनच दिवस आहेत, तेवढ्यात ती परत उसवणार नाही."

गाडीत मला माझीच लाज वाटत होती. आमचे गुरुजी समेच्या आधीच थाप टाकून हसायचे. त्याला अनागत म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. गुरुजींनी केलं की मी वाहवा म्हणायचो, मुलीने केलं तेव्हा ती चूक.

"बेटा, माझं चुकलं," मी म्हणालो.

"इट्स ओके, बाबा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. ते ओके नव्हतं.

गॅदरिंगला आम्ही तिघं चौथ्या रांगेत बसलो. तो मुलगा वाजवू लागला, आणि सवयीने माझा हात मांडीवर ठेका धरायला उठला. मुलीने तो डाव्या हाताने दाबून धरला. मला वाटलं, आता गप्प बसायचं.

मग त्याच हाताने ती माझ्या हातावर ठोके देऊ लागली, एकसारखे, पावलं टाकल्यासारखे. उजव्या हाताची बोटं तिच्या गुडघ्यावर चालली होती, कधी त्या ठोक्याच्या आधी, कधी नंतर. तुकडा संपेपर्यंत मी हात हलवला नाही.