कुंपणापलीकडची काडी
काडी ओढली की गंधकाचा तिखट वास नाकात जातो आणि मला वाशीमच्या वेशीबाहेरचं आमचं पहिलं घर आठवतं. लग्नाला वर्ष झालं होतं. आमचे हे पहाटेच भाजी घेऊन बाजारात जायचे, की दिवसभर मी एकटी. बोलायला एकच माणूस, शेजारची म्हातारी विधवा. ती रोज सकाळी परसातून माझ्या चुलीतला विस्तव न्यायला यायची आणि घटकाभर बसायची. एकदा तिच्या बकरीनं आमची वांग्याची सगळी रोपं खाल्ली, तेव्हा कुंपण घालायचं मीच ठरवलं. बाभळीचे खुंट रोवले, त्यांना कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या लावल्या. पण असं कुंपण एकटीनं बांधता येत नाही. आपण दोरी पलीकडे सारायची आणि तिकडून कुणीतरी ती ओढून परत द्यायची. पलीकडे तीच उभी राहिली. शेवटच्या खुंटापाशी मी विचारलं, "मावशी, जराशी वाट ठेवू काय?" "कायले व? बकऱ्या शिरतीन," ती म्हणाली, "इस्तो न्याले मी येईन ना रस्त्यानं." गाठ पडली आणि फटींतून तिचं लुगडं तेवढं दिसत राहिलं. ती आली नाही. तिसऱ्या सकाळी तिच्या परसातल्या चुलीकडून काडी ओढल्याचा वास आला. मला रागच आला. तरी कितीतरी दिवस मी तिच्या वाटचा निखारा राखेत झाकून ठेवत होते. रस्ता तर मलाही होता, हे आज सुचतं.