भरती सोडून केलेलं गणित

मला आजही कुणी "हुशार" म्हटलं की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. एकोणीसशे साठच्या दशकात तारापूरजवळच्या आमच्या गावातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पालघरला विज्ञान शिकत होतो. बापूस तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. सुकाणू त्याच्या हातात.

एका दुपारी खाडीच्या तोंडाशी त्याची होडी दुसऱ्या होडीवर आदळली. तो समुद्राकडून पूर्वेला, खाडीत शिरत होता. दुसरी दक्षिणेकडून उत्तरेला चालली होती. दोर एकमेकांत अडकले, दोन्ही होड्या एकत्रच वाहत गेल्या, आणि दुसऱ्या होडीवरच्या एकाचा पाय मोडला. बापूस म्हणे, मी शीड उतरवून हळू येत होतो. दुसरा तांडेल म्हणे, साफ खोटं, भरधाव आला. पंच बसले. ज्याची चूक ठरेल त्याने पुन्हा सुकाणू धरायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

बापूस उठून म्हणाला, "माझा पोर कालेजात हाय. तो सांगंल ते मला कबूल."

अरे देवा, काय फुगलो मी! होडीच्या फळीवर खडूने दोन बाण काढले. होड्या सारख्याच वजनाच्या. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. टक्कर झाली तरी तो नाहीसा होत नाही, फक्त पूर्वेचा वेगळा आणि उत्तरेचा वेगळा मोजायचा. बापूस खरंच हळू असता तर अडकलेली जोडी उत्तरेकडे गेली असती. पण ती जवळजवळ सरळ पूर्वेला, खाडीत गेलेली सगळ्या गावाने पाहिली होती. म्हणजे पूर्वेचा वेग मोठा. म्हणजे बापूस खोटा.

आपल्याच बापाविरुद्ध बोलतोय, हे कळत होतं. पण खरं बोलण्याचा माज चढला होता.

एका म्हाताऱ्या पंचाने विचारलं, "पोरा, भरतीचं पानी आत वडत होतं, त्याचं काय?"

मी हसलो. "बाहेरचं बल धरायचं नसतं, बाबा. नियमच आहे तसा."

सगळे बापसाकडे बघायला लागले. तो म्हणाला, "पोर बोलला ते खरं."

सुकाणू सुटलं. तारापूरला तेव्हा वीजकेंद्र उभं राहत होतं, बापूस त्याच्या बांधकामावर खडी वाहू लागला.

दोन महिन्यांनी सरांनी तोच नियम वर्गात पुन्हा सांगितला: बाहेरून कुणी ओढत-ढकलत नसेल, तरच संवेग टिकतो. भरती ओढतच होती की! नुसती घोकंपट्टी केली होती मी. खाडीकाठी जन्मलो आणि पाणीच विसरलो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे माझ्या बापाची होडी गेली.

तडक बांधकामावर गेलो. रडत सगळं सांगितलं, म्हटलं, आत्ताच्या आत्ता पंचांकडे चल.

"मला तवाच म्हाईत होतं," बापूस म्हणाला. "मी काय पानी वळखत नाय?"

"मग बोलला का नाहीस?"

"चार मानसांत तुला खोटा पाडू?" त्याने टोपली डोक्यावर घेतली. "आता जाऊ नको कुठं. लोक हसतील तुला."

मी गेलो नाही. बापाचा शब्द मोडवेना, असं स्वतःला सांगितलं. खोटं. लोक हसतील याचीच भीती होती मला. गावात मी हुशार राहिलो, आणि तो हातपाय चालले तोवर खडी वाहत राहिला.