ओल्या फडक्यातली बाटली

मोहिनी,

लोक म्हणतात, तुझ्याबद्दल लिहायचं तर जरा झाकून लिहा. मला ते जमत नाही. तू नालवाडीची, माझ्या प्राणिशास्त्राच्या वर्गात शिकलेली, आणि वर्ध्याच्या एका छोट्या दवाखान्यात वीर्यातून चांगले शुक्राणू निवडून काढायचीस. तुझी आई 'रक्त तपासते' एवढंच सांगायची. तू सरळ सांगायचीस.

२००२ चा मे. मी तुझ्या दवाखान्यात थायरॉइडचा रिपोर्ट घ्यायला बसले होते. आंजीकडच्या एक बाई सुनेला घेऊन आल्या. मुलगा आला नव्हता, बाटली घरूनच दिली होती. उन्हात दूध नासू नये म्हणून जपावं, तशी बाईंनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून, बर्फात ठेवून आणली. तू सूक्ष्मदर्शकात पाहिलंस आणि बाहेर आलीस.

"मावशी, हे गारठलं. अंगाशी धरून आणा लागते."

"म्हंजे माह्या पोरात खोट काढून राह्यली का तू? यंदा नाई झालं तं हिले माहेरी धाडतो. दुसरी पोरगी पाहून ठेवली हाय."

सून भिंतीकडे बघत होती.

"धाडजा. पण आधी पोराले पाठवजा. हिचं बीज सुटाचा आजचाच दिवस हाय."

"तो काऊन येईन? मर्द माणूस हाय."

"म्हणूनच त्याले बोलावलं. इथं तुमचं काय काम?"

मी तोंडाला पदर लावला.

दुपारी तो आला. तू ताजा नमुना नळीत घेतलास, त्यावर स्वच्छ द्रव हळूच सोडलास, नळी तिरकी करून उबेत ठेवलीस. दम असलेले शुक्राणू पोहत वर येतात, मेलेले खाली राहतात. वरचा थर तेवढा घ्यायचा.

"कमी हायेत," तू त्याला आईसमोरच सांगितलंस, "पण जे हायेत ते चांगले पोहून राह्यले."

कमी कुठे आहे, ते त्या घराला तेव्हा कळलं. दुसऱ्या पोरीचं नाव मग कोणी काढलं नाही. तो थर सुनेच्या गर्भाशयात सोडायचं काम डॉक्टरांनी केलं. फेब्रुवारीत त्या सुनेला मुलगी झाली.

तिच्या सासूबाई दवाखान्यात पेढे घेऊन आल्या. "बारशाले मात्र येजो नको माय. गावात तुले सारे वयखतात, बोभाटा होईन."

"नाई येत," तू हसून म्हणालीस.

इतक्या मुली शिकवल्या, पण माझी विद्यार्थिनी म्हणून मी आधी तुझं नाव घेते.

बारशासाठी मी पिवळं झबलं आणलं होतं. गवगवा निवला की दोघी आंजीला जाऊन देऊ, असं ठरलं होतं. मग तुला नागपूरला नोकरी लागली. झबलं माझ्याकडेच आहे. ती मुलगी आता कॉलेजात असेल.