एक चावी, सगळे मालक

दिव्यानी मेश्रामला एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. पायाला भिंगरीच आहे तिच्या. नागभीडला आमच्या विहाराच्या आवारात अभ्यासिका आहे. तिथली वर्तमानपत्रं मी सांभाळते आणि कॉम्प्युटर ती. कॉम्प्युटर म्हणजे खरं तर एकच धूड, कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेलं. टेबलांवर आहेत ते नुसते पडदे आणि कीबोर्ड. सगळी पोरं त्या एकाच मशीनवर काम करतात आणि त्यात प्रत्येकाचं आपापलं खातं असतं. नवं खातं कसं उघडायचं, कोणाला किती जागा द्यायची, अडकलेलं काम कसं बंद करायचं, रविवारी सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर कशी काढायची, हे सारं ती व्हिडिओ बघत, चुकतमाकत शिकली. ‘आत्ता कोण कोण बसलंय’ ते सांगणारा एक हुकूम आहे, तो तर ती येता-जाता द्यायची. नावं पडद्यावर आली की तिचा जीव घडीभर थाऱ्यावर यायचा, मग पुन्हा उठायची.

या मशीनमध्ये मालकाचंही एक खातं असतं. त्याला कुठलंच दार बंद नसतं. त्यानं पुसायला सांगितलं की मशीन मुकाट्यानं पुसून टाकतं. ही गोष्ट समितीच्या बैठकीत निघाली आणि तिथंच घोळ झाला. आमच्या विहारात अध्यक्षही सतरंजीवर बसतो. बापूजी अध्यक्ष, म्हातारे आणि बोलायला ठाम. ते म्हणाले, “आपल्या इथी कोणी मालक नाई अन् कोणी नोकर नाई. चाबी सगळ्याइले द्या.” दुसऱ्या कुठल्या समितीला हे सुचलं नसतं. ज्यांच्या आज्याला गावच्या विहिरीवर चढू दिलं नाही, ते दुसऱ्याला दार कसं बंद करणार? व्हिडिओतला मास्तर नेमकं उलटं सांगत होता, पण दिव्यानीलाही बापूजींचंच पटलं. मालकाचा पासवर्ड फळ्यावर खडूनं लिहिला गेला. मग जो तो मालक होऊनच बसू लागला, दिव्यानीसुद्धा.

एका दुपारी साक्षीनं आपलं खातं उघडलं तर आत काहीच नाही. साक्षी खेड्यावरून बसनं येते. घरी कॉम्प्युटर नाही. तलाठ्याच्या परीक्षेची वर्षभराची टिपणं त्या मशीनमध्ये, आणि परीक्षा तोंडावर आलेली. ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. दिव्यानीनं मशीनची नोंद उघडली. पुसणाऱ्याचं नाव होतं ‘मालक’. आणि मालक तर सगळेच होते.

 माना वळल्या त्या शहबाजकडे. शहबाज म्हणजे स्टेशन रस्त्यावरच्या बाबूभाई गादीवाल्याचा मुलगा. त्याच परीक्षेला बसलेला, आणि सराव चाचणीत साक्षीच्या पुढे. अभ्यासिकेत आमच्या समाजाबाहेरचा तो एकटाच. शेजारच्या प्रफुलनं आपली बॅग उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, एवढंच झालं. दुसऱ्या दिवसापासून शहबाज आला नाही.

साक्षीची टिपणं रविवारच्या नकलेतून परत मिळाली. दोन-चार दिवसांचं गेलं ते तिनं पुन्हा लिहून काढलं. सगळ्यांचं समाधान झालं, दिव्यानीचं होईना. जेवता जेवता उठायची, आंघोळीचं पाणी तापत ठेवून अभ्यासिकेत यायची. मी म्हटलं, आलं ना परत, सोड आता. तिनं ऐकलं नाही. पुसण्याच्या हुकमाची वेळ तिच्याकडे होती. त्या वेळी मालक कोणत्या टेबलावर बसला होता याची वेगळी नोंद मशीन ठेवतं, ती तिनं शोधून काढली. टेबल निघालं खिडकीजवळचं. तिचं स्वतःचं.

मग तिला आठवलं. डिस्क भरली होती. जागा कोण खातंय ते बघायला ती मालक होऊन साक्षीच्या खात्यात शिरली, मध्येच फोन आला म्हणून उठून बाहेर गेली. परत आली ती आपण कचऱ्याच्या फोल्डरमध्येच आहोत असं धरून, आणि इथलं सगळं पूस म्हणून मोकळी झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरही नव्हता.

तिनं सतरंजीवर सगळ्यांसमोर सांगितलं. लाजेनं तिचा चेहरा काळवंडला होता, पण एक शब्द गाळला नाही.  बापूजी उठले आणि फळ्यावरचा पासवर्ड स्वतःच्या हातानं पुसला. “त्या पोराले सांगतलं का कोणी?” त्यांनी विचारलं. 

दिव्यानी तशीच निघाली, मी तिच्या मागोमाग. शहबाज दुकानात कापूस पिंजत होता. तिनं उभ्या उभ्या सांगून टाकलं आणि माफी मागितली. त्यानं पिंजायचं मशीन बंद केलं, अंगावरचा कापूस झटकला.

“ताई, मालक तर सगळेच होते ना,” तो शांतपणे म्हणाला. “मंग सगळ्यायनं मलेच काऊन पाह्यलं?”

याचं उत्तर कुठल्या व्हिडिओत असणार?  बाबूभाईंनी चहा मागवला, तो आम्ही कसाबसा प्यायलो.

आता मालकाची चावी फक्त दिव्यानीकडे आणि बापूजींकडे आहे. कोणी कधी काय केलं ते त्याच्या स्वतःच्या नावानं नोंदलं जातं. परीक्षा होऊन गेली. डिस्क पुन्हा भरत आली तेव्हा प्रफुल म्हणाला, शहबाजनं अभ्यासिका सोडली, त्याचं खातं काढून टाकलं तर जागा होईल.

दिव्यानी ‘कोण कोण बसलंय’ बघत होती. साक्षी होती, प्रफुल होता, आणखी पाच-सहा नावं होती, शहबाजचं नव्हतं. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “त्यानं सोडलं नाई प्रफुल. आपण उठवलं त्याले.”

आणि तिनं ‘कोण कोण बसलंय’चा हुकूम पुन्हा दिला.